वॉर्साची तलवारवाली मत्स्यकन्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलंडच्या राजधानीत ट्रामवर, टॅक्सीवर, कचरापेटीवर, शाळेच्या दारावर, पोलिसाच्या बाहीवर, जिथे बघाल तिथे एक मत्स्यकन्या दिसते. पोलिश लोक तिला लाडाने ‘सिरेनका’ म्हणतात. परीकथेतली मत्स्यकन्या खडकावर बसून केस विंचरते. ही मात्र तलवार उगारून उभी असते. तिच्याबद्दल लोक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

वॉर्साच्या मानचिन्हात नेमकं काय काय आहे?

लाल रंगाची ढाल आणि त्यावर मत्स्यकन्या. कमरेच्या वर स्त्री, कमरेखाली मासा, शेपूट एकच. उजव्या हातात उगारलेली तलवार, डाव्या हातात गोल ढाल. मोठ्या ढालीच्या वर राजमुकुट असतो.

चित्राकडे पाहताना तलवार आपल्या डावीकडे दिसते, त्यामुळे ‘ती डावखुरी आहे का?’ असंही लोक विचारतात. नाही. मानचिन्हशास्त्रात उजवं-डावं ठरतं ते ढाल धरणाऱ्याच्या बाजूने, बघणाऱ्याच्या बाजूने नाही.

मानचिन्हाचं एक ‘मोठं’ रूपही आहे. त्यात खाली लष्करी पदक आणि लॅटिन ब्रीद असतं. त्याबद्दल पुढे येईलच.

वॉर्सा समुद्रकाठी नाही. मग मत्स्यकन्या कुठून आली?

नदीतून, असं तिथले लोक सांगतात. वॉर्सा विस्वा नदीच्या काठी आहे. या नदीला आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत ‘व्हिस्तुला’ म्हणतात. ती दक्षिणेच्या डोंगरात उगम पावते, क्राकुफ आणि वॉर्सावरून वाहत जाते आणि ग्दान्स्कजवळ बाल्टिक समुद्राला मिळते. म्हणजे समुद्र लांब असला, तरी पाण्याची वाट आहे. मध्ययुगात धान्य आणि लाकूड याच वाटेने ग्दान्स्कला जायचं. सर्वांत लोकप्रिय दंतकथेत मत्स्यकन्या याच वाटेने उलटी, प्रवाहाविरुद्ध पोहत येते.

पण हे दंतकथेचं उत्तर झालं. इतिहासाचं उत्तर वेगळं आहे आणि माझ्या मते जास्त मजेदार आहे: वॉर्साच्या शिक्क्यावर आधी मत्स्यकन्या नव्हतीच.

म्हणजे? मग काय होतं?

एक राक्षसी प्राणी. जुन्या वॉर्साच्या शिक्क्याचा सर्वांत जुना ठसा १३९० सालातला मानतात. तेव्हा पोलंडच्या राज्यात वॉर्साला फारसं महत्त्व नव्हतं. शहर माझोव्हिया नावाच्या डचीत, म्हणजे ड्यूकच्या राज्यात, होतं आणि गादीवर ड्यूक यानुश पहिला होता. शिक्का गोल आहे, कडेने लॅटिनमध्ये ‘वॉर्सा नगराचा शिक्का’ अशा अर्थाची अक्षरं आहेत. मधल्या प्राण्याला माणसाचं डोकं, खवल्यांनी झाकलेलं धड आणि खाली पक्ष्यासारखे पाय आहेत. हातात मात्र तेव्हाही तलवार आणि ढाल आहे.

हे डोकं बाईचं म्हणावं असंही नाही. सुरुवातीच्या आकृत्या पुरुषी वाटतात, म्हणून बरेच जण त्याला ‘माणसाच्या डोक्याचा ड्रॅगन’ म्हणतात. पुढच्या दोन-तीन शतकांत शिक्के झिजले, नवे कोरले गेले. कारागीर बदलले, तशी आकृतीही हळूहळू बदलत गेली. पुरुषाची बाई झाली आणि पक्ष्याचे पाय जाऊन माशाचं शेपूट आलं. कुठल्या एका दिवशी नगरसभेने ठराव करून ड्रॅगन काढला आणि मत्स्यकन्या बसवली, असं झालेलं नाही. सतराव्या शतकात स्त्रीरूप स्थिरावलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याला ओळखू येईल अशी अर्धी बाई, अर्धा मासा तयार झाली.

या सगळ्या बदलांत दोनच गोष्टी टिकल्या, तलवार आणि ढाल.

पक्ष्याच्या पायांचा मत्स्यकन्येशी काय संबंध?

संबंध जुना आहे आणि ग्रीसपर्यंत जातो. ग्रीक कथांतल्या ‘सायरन’ गाण्याने खलाशांना भुलवून खडकांवर आपटायच्या. प्राचीन ग्रीक भांड्यांवर त्या मासे म्हणून रंगवलेल्या नाहीत, तिथे त्या स्त्रीमुखी पक्षी आहेत. युरोपच्या मध्ययुगात ही कल्पना सरकली आणि सायरन म्हणजे माशाच्या शेपटीची बाई, असं रूढ होत गेलं. मधली काही शतकं दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदली. तेव्हाच्या चित्रमय प्राणिग्रंथांत पंख आणि शेपूट दोन्ही असलेल्या सायरनही सापडतात.

म्हणून वॉर्साच्या शिक्क्यावरचा पक्षीपायांचा प्राणी ही सायरनचीच एक जुनी आवृत्ती असावी, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तसं असेल तर वॉर्साच्या शिक्क्यावर चारशे वर्षांत जे घडलं, तेच त्याआधी सगळ्या युरोपच्या कल्पनेत घडून गेलं होतं. पोलिश भाषेत आजही दोन्हींसाठी एकच शब्द आहे, त्यामुळे हा बदल कुणाला खटकलाही नसावा.

दंतकथा कोणती? मी तर दोन-तीन वेगवेगळ्या ऐकल्या.

तुम्ही बरोबर ऐकल्या आहेत, कारण त्या खरोखरच बऱ्याच आहेत. सर्वांत लोकप्रिय कथा अशी:

दोन मत्स्यकन्या बहिणी अटलांटिकमधून बाल्टिकमध्ये आल्या. एक कोपनहेगनच्या किनाऱ्याशी थांबली आणि तिथेच राहिली. दुसरी ग्दान्स्कपर्यंत आली, मग विस्वात शिरून वर वर पोहत गेली. आज जुनं शहर आहे त्याच्या पायथ्याशी तिला वाळूचा काठ आवडला आणि तिने मुक्काम केला. मग तिथल्या कोळ्यांची जाळी गुंतायला लागली, पकडलेले मासे सुटायला लागले. कोळी चिडले, तिला धरायला गेले आणि तिचं गाणं ऐकून तिच्या प्रेमातच पडले. पुढे एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या मनात आलं की हिला पकडून जत्रेत दाखवली तर पैसा मिळेल. त्याने तिला फसवून एका लाकडी खोपटात डांबलं. तिचं रडणं एका तरुणाच्या कानावर गेलं. त्याने मित्रांना जमवून तिला सोडवलं. तिने वचन दिलं की या शहरावर संकट येईल तेव्हा मी रक्षणाला येईन. म्हणून तिच्या हातात तलवार आणि ढाल.

दुसऱ्या कथेत एक राजपुत्र शिकारीत वाट चुकतो आणि मत्स्यकन्या त्याला मार्ग दाखवते. तिसऱ्या कथेत तीच राजाला ‘इथे शहर वसव’ असं सांगते.

यातली खरी कोणती?

दंतकथेला खरं-खोटं विचारू नये, पण तिचं वय विचारायला हरकत नाही. दोन बहिणींच्या कथेत कोपनहेगन आहे. कोपनहेगनची मत्स्यकन्या जगाला माहीत झाली ती हान्स क्रिस्तियन अँडरसनच्या १८३७च्या परीकथेमुळे, आणि तिथल्या बंदरात खडकावर बसलेला एडवर्ड एरिक्सनचा पुतळा तर १९१३चा. म्हणजे बहिणीबहिणींची ही जोडी आजच्या रूपात फार जुनी असण्याची शक्यता कमीच. दोन राजधान्यांत दोन पुतळे आहेत, तेव्हा त्यांचं काहीतरी नातं असणारच, असं कुणाला तरी वाटलं असावं.

माझं स्पष्ट मत असं की इथे चित्र आधी आलं आणि गोष्टी नंतर. शिक्क्यावर एक विचित्र सशस्त्र प्राणी होता. तो तिथे का आहे हे लोक विसरले. प्रत्येक पिढीने आपापल्या परीने त्याचं उत्तर रचलं. शिक्क्यावरचा प्राणी जसजसा देखणा होत गेला, तसतशा गोष्टीही गोड होत गेल्या. माणसाच्या डोक्याच्या ड्रॅगनला खोपटात डांबल्याची गोष्ट ऐकून कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नसतं.

वार्स आणि सावा हे कोण?

आणखी एक दंतकथा. वार्स नावाचा गरीब कोळी आणि सावा नावाची मत्स्यकन्या प्रेमात पडतात, लग्न करतात आणि दोघांच्या नावावरून ‘वार्शावा’ होतं. शाळेतल्या मुलांना ती सांगतात, मुलांना ती आवडते. भाषातज्ज्ञ मात्र सांगतात की गावाचं नाव ‘वार्श’ नावाच्या कुणा मालकावरून पडलं असावं, म्हणजे वार्शचं ते वार्शावा. पोलंडमध्ये अशी गावं पुष्कळ आहेत.

नजरेने दगड करणारा प्राणी तोच का?

नाही, तो बॅसिलिस्क. जुन्या शहराच्या तळघरात तो खजिन्यावर बसलेला असायचा आणि त्याची नजर पडली की माणूस दगड व्हायचा. त्याला आरसा दाखवून मारलं. हीसुद्धा वॉर्साचीच लाडकी दंतकथा आहे, पण मानचिन्हाशी तिचा काही संबंध नाही.

सगळ्या वॉर्साचं चिन्ह आधीपासून हेच होतं का?

नाही, कारण ‘सगळं वॉर्सा’ अशी गोष्टच फार उशिरा आली. कायद्याच्या दृष्टीने शेजारी शेजारी वेगळी नगरं होती आणि प्रत्येकाची नगरसभा आणि शिक्का वेगळा होता. सशस्त्र प्राणी हा जुन्या वॉर्साचा. पलीकडेच नवं वॉर्सा. ‘नवं’ म्हणजे पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं! त्याच्या शिक्क्यावर होती एक कुमारिका आणि तिच्यासोबत युनिकॉर्न, म्हणजे कपाळावर एकच शिंग असलेला काल्पनिक घोडा. ख्रिस्ती प्रतीकांत ही जोडी कुमारी मेरीकडे बोट दाखवते. नदीच्या पलीकडच्या काठावरच्या प्रागाला १६४८ मध्ये नगराचा दर्जा मिळाला. तिच्या चिन्हावर थेट मेरीच होती. (हे प्रागा म्हणजे चेक राजधानी प्राग नव्हे. दोन्हींत गल्लत होते.) शिवाय सरदारांच्या आणि चर्चच्या मालकीच्या वसाहती होत्याच, त्यांचा कारभार आणखी वेगळा.

१७९१ मध्ये पोलंडच्या संसदेने नगरांविषयीचा कायदा केला आणि हे सगळे तुकडे जोडून एकच वॉर्सा झालं. नव्या शहरावर चिन्ह राहिलं ते जुन्या वॉर्साचं. दोन मेरी बाजूला झाल्या आणि मूळच्या ड्रॅगनची मत्स्यकन्या उरली, हे कट्टर कॅथलिक देशात जरा गमतीचंच आहे. युनिकॉर्नवाली कुमारिका आजही नव्या शहराच्या भागात शोधली तर भेटते.

चारच वर्षांनी, १७९५ मध्ये, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंडचे उरलेसुरले लचके तोडले आणि देशच नकाशावरून गेला. वॉर्सा आधी प्रशियाकडे गेलं आणि पुढे मोठा काळ रशियन झारच्या सत्तेखाली राहिलं. पोलंड नव्हता, पण मत्स्यकन्या होती. याचा पुरावा म्हणजे तिचा सर्वांत प्रसिद्ध पुतळा याच काळातला आहे.

जुन्या शहराच्या चौकातला पुतळा कुणी केला?

कोन्स्तांती हेगेल या शिल्पकाराने. तो १८५५ मध्ये उभा राहिला. साहित्य ब्राँझ नव्हे, जस्त. ते स्वस्त पडायचं आणि वॉर्सातल्या कारोल मिन्तेरच्या कारखान्यात त्याचं ओतकाम चालायचं. पुतळा निव्वळ शोभेसाठी नव्हता. त्याच वर्षी वास्तुविशारद हेन्रिक मार्कोनीने आखलेली नळपाणी योजना सुरू झाली. विस्वाचं पाणी शहरात आलं आणि चौकातल्या कारंज्यावर मत्स्यकन्या बसली. नदीतून शहरात येणाऱ्या पाण्यावर नदीतून शहरात आलेली मत्स्यकन्या: ज्याला हे सुचलं त्याचं कौतुक करायला हवं.

पुढे १९२८ मध्ये चौकाची मांडणी बदलताना पुतळा हलवला आणि कित्येक दशकं तो शहरभर फिरत राहिला. बराच काळ जुन्या तटबंदीजवळ होता. विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी तो चौकात परतला. जस्ताची तब्येत बिघडल्यामुळे मूळ पुतळा आता वॉर्सा संग्रहालयात ठेवला आहे. चौकात पर्यटक जिच्यासोबत फोटो काढतात ती ब्राँझची प्रतिकृती आहे.

नदीकाठचा मोठा पुतळा वेगळा आहे ना? त्यामागे काही करुण गोष्ट आहे असं ऐकलं.

हो, वेगळा आहे, आणि गोष्ट खरी आहे.

१९३० च्या दशकात शहराचे अध्यक्ष स्तेफान स्ताझिन्स्की यांना वॉर्सासाठी नवी, भव्य मत्स्यकन्या हवी होती. शिल्पकार लुद्विका नित्शोवा यांची मूळ कल्पना अचाट होती: नदीपात्रातच एका खांबावर काचेचा सुमारे वीस मीटर उंच पुतळा, आतून उजळलेला. खर्चाचा आकडा पाहिल्यावर ते स्वप्न आवरतं घ्यावं लागलं आणि विस्वाच्या काठावर ब्राँझचा पुतळा करायचं ठरलं.

चेहरा आणि देह यांसाठी नित्शोवांसमोर उभी राहिली क्रिस्तिना क्राहेल्स्का. जन्म १९१४चा. विद्यापीठात शिकणारी, लोकगीतं गाणारी, स्वतः कविता करणारी, उंच, भक्कम बांध्याची मुलगी. पुतळ्यातला चेहरा मुद्दाम थोडा बदलला, म्हणजे रस्त्याने जाताना लोक तिला ओळखून त्रास देणार नाहीत. १९३९ मध्ये पुतळा उभा राहिला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जर्मन सैन्य वॉर्साच्या वेशीवर आलं.

व्यापलेल्या शहरात क्राहेल्स्का भूमिगत सैन्यात गेली. १९४३ मध्ये तिने लिहिलेलं एक गीत, ‘पोरांनो, बंदुकीला संगीन चढवा’ अशा अर्थाचं, भूमिगत लढवय्यांच्या तोंडी पसरलं. १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साचा उठाव सुरू झाला, तेव्हा ती शुश्रूषा पथकात होती. पहिल्याच दिवशी एका जखमी साथीदाराला मदत करताना तिला गोळ्या लागल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. उठाव ६३ दिवस चालला आणि चिरडला गेला. त्यानंतर जर्मनांनी शहर ठरवून, घराघराला आग लावून, सुरुंग लावून पाडलं.

पुतळा वाचला. शहराध्यक्ष स्ताझिन्स्की वाचले नाहीत. १९३९ मध्येच जर्मनांनी त्यांना पकडलं आणि ठार केलं. आज पुतळा श्व्येंतोक्शिस्की पुलाजवळ उभा आहे. दंतकथेतल्या मत्स्यकन्येने शहराच्या रक्षणाला येण्याचं वचन दिलं होतं म्हणे. या पुतळ्यासाठी उभी राहिलेली बाई खरोखरच आली होती.

मानचिन्हातलं पदक आणि लॅटिन ब्रीद कशाबद्दल?

पदक म्हणजे ‘विर्तुती मिलितारी’, पोलंडचा शौर्यासाठीचा सर्वोच्च लष्करी सन्मान. तो सहसा सैनिकाला मिळतो, पण सप्टेंबर १९३९ मध्ये वॉर्साने वेढ्यात जो तग धरला त्याबद्दल तो शहरालाच देण्यात आला. परदेशात गेलेल्या पोलिश सरकारच्या वतीने जनरल व्वादिस्वाफ सिकोर्स्की यांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये हा निर्णय केला. शहर तेव्हा शत्रूच्या ताब्यात होतं, त्यामुळे छातीवर लावून घ्यायला कुणी नव्हतं.

ब्रीदवाक्यं दोन. ‘सेंपेर इन्व्हिक्ता’ म्हणजे सदैव अजिंक्य. ‘कॉन्तेम्नित प्रोचेल्लास’ म्हणजे ही वादळांना जुमानत नाही. पहिलं वाक्य अक्षरशः घेतलं तर खोटं ठरतं, कारण वॉर्सा कितीदा तरी जिंकलं गेलंय. स्वीडिश आले, रशियन आले, प्रशियन आले, नाझी आले. मला दुसरं जास्त पटतं.

आजचं अधिकृत चित्र कुणी काढलं?

श्चेन्स्नी क्वार्ता यांनी, आणि ते १९३८ मध्ये मंजूर झालं. महायुद्धानंतर साम्यवादी राजवटीला मुकुटाचं वावडं होतं. पोलंडच्या पांढऱ्या गरुडाच्या डोक्यावरचा मुकुट काढला गेला आणि वॉर्साच्या ढालीवरचाही गेला. राजवट कोसळल्यावर १९९० मध्ये दोन्ही मुकुट परत आले आणि शहराने क्वार्तांचं युद्धपूर्व चित्र पुन्हा स्वीकारलं.

पिकासोनेही ही मत्स्यकन्या काढली होती, हे खरं?

खरं आहे आणि शेवट ऐकून कलाप्रेमी अजूनही कपाळाला हात लावतात.

१९४८ मध्ये पिकासो व्रोत्स्वाफ शहरातल्या जागतिक बुद्धिजीवी परिषदेसाठी पोलंडला आला होता. वॉर्सातही आला. ढिगाऱ्यातून उभं राहणारं शहर पाहुण्यांना दाखवायचं तर नवी कामगार वसाहत हवीच. म्हणून त्याला कोवो भागात नेलं. हेलेना आणि शिमॉन सिर्कुस या वास्तुविशारद दांपत्याने आखलेल्या इमारती तिथे बांधल्या जात होत्या. एका रिकाम्या फ्लॅटच्या भिंतीवर पिकासोने कोळशाने भलीमोठी मत्स्यकन्या रेखाटली. तलवारीच्या जागी तिच्या हातात हातोडा दिला. पुनर्बांधणीच्या त्या काळात हातोडाच शोभला असता, हे त्याला बरोबर उमगलं.

मग त्या फ्लॅटमध्ये एक कुटुंब राहायला आलं. घर मिळणं हेच तेव्हा भाग्य होतं, पण घराबरोबर भिंतभर नग्न मत्स्यकन्या आणि तिला बघायला येणारी माणसंही मिळाली. शाळेच्या सहली यायच्या, शिष्टमंडळं यायची, वेळी-अवेळी दार वाजायचं. कुटुंबाने पडदा लावून पाहिला. अखेर १९५३ मध्ये भिंतीला रंग दिला गेला. आज त्या चित्राचे फक्त फोटो उरले आहेत. यात खलनायक शोधू नये असं मला वाटतं. दोन खोल्यांच्या घरात रोज पाहुणे आले की पिकासो असो नाहीतर आणखी कुणी, माणूस चुन्याची बादली शोधतोच.

ही मत्स्यकन्या सैन्याच्या गणवेशावर कशी गेली? आणि यात कोल्हापूरचा काय संबंध?

१९३९ मध्ये पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाने घेतला आणि तिथल्या लाखो लोकांना सायबेरिया, कझाकस्तानात हद्दपार केलं. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर स्टॅलिनने यातल्या काहींना मोकळं केलं. जनरल व्वादिस्वाफ अँडर्स यांनी त्यांतून सैन्य उभारलं आणि १९४२ मध्ये ते इराणमार्गे बाहेर काढलं. हेच पुढे पोलिश दुसरं कोअर (मोठं लष्करी दल) झालं. त्यांच्या बाहीवरचं चिन्ह होतं लाल ढालीवर वॉर्साची पांढरी मत्स्यकन्या. मे १९४४ मध्ये इटलीतला मॉन्ते कासिनोचा डोंगर चढून गेलेल्या सैनिकांच्या बाहीवर तीच होती.

या सैन्याबरोबर बायका-मुलंही इराणमध्ये उतरली. त्यांना युद्ध संपेपर्यंत कुठेतरी आसरा हवा होता. आजच्या गुजरातमधल्या नवानगर संस्थानच्या जामसाहेबांनी बालाचडीला अनाथ मुलांसाठी छावणी उभारली. त्याहून बरीच मोठी वसाहत झाली ती आपल्या कोल्हापूरजवळ, वळिवड्याला. १९४३ पासून १९४८ पर्यंत तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटचं पथक होतं. त्यातल्या अनेक घरांचे बाप आणि भाऊ अँडर्सच्या सैन्यात होते. म्हणजे मत्स्यकन्या बाहीवर लावून इटलीत लढणाऱ्या कित्येकांची घरची पत्रं पंचगंगेच्या खोऱ्यातून जात होती.

वॉर्सात मॉन्ते कासिनो स्मारकाजवळ वळिवडे-कोल्हापूरचं एक छोटं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे अभिवादन केलं, तेव्हा मराठी वृत्तवाहिन्यांवर ते दिसलं होतं. वॉर्साला जाणाऱ्या मराठी माणसाने ते चुकवू नये. कोल्हापुरात महावीर उद्यानातही या लोकांची आठवण जपणारा स्तंभ आहे.

भिंतींवर जहाजाच्या नांगरासारखं एक चिन्ह दिसतं. तेही वॉर्साचं मानचिन्ह आहे का?

नाही. त्याला ‘कोत्फित्सा’ म्हणतात. ‘लढणारा पोलंड’ या अर्थाच्या दोन पोलिश शब्दांच्या आद्याक्षरांचा (P आणि W) तो नांगर केला आहे. १९४२ मध्ये भूमिगत सैन्याने तो भिंतींवर रंगवायला सुरुवात केली. रचना आन्ना स्मोलेन्स्का या तरुणीची होती. तिचा पुढच्याच वर्षी आउशविट्झच्या नाझी छळछावणीत मृत्यू झाला. शहराचं अधिकृत चिन्ह मत्स्यकन्याच, पण उठावाच्या स्मृतिदिनी दोन्ही शेजारी दिसतात.

शहराचा ध्वज कसा आहे?

वर पिवळा, खाली लाल, असे दोन आडवे पट्टे. ट्राम आणि बसचे रंगही हेच.

‘सिरेना’ नावाची मोटार हिच्याच नावाची?

हो. वॉर्साच्या कारखान्यात १९५७ मध्ये ती बनायला लागली. पुढे उत्पादन दुसरीकडे हलवलं आणि १९८३ पर्यंत चाललं. टू-स्ट्रोक इंजिन, मागे निळसर धूर, वर्षानुवर्षं दारं उलटी, म्हणजे मागच्या बाजूने बिजागरीवर. दार उघडं ठेवून गावातून गेलं तर वाटेतल्या कोंबड्या आपोआप आत येतील, म्हणून लोक तिला ‘कोंबडीपकड’ म्हणायचे. मत्स्यकन्येच्या नावाला हे शोभत नसेल, पण साम्यवादी काळातल्या कित्येक पोलिश कुटुंबांची ती पहिली गाडी होती.

इतर पोलिश शहरांची मानचिन्हंही अशीच विचित्र आहेत का?

काही सरळ आहेत, काही मजेशीर. क्राकुफच्या चिन्हात तीन बुरुजांची तटबंदी आहे. ग्दान्स्कच्या चिन्हात दोन क्रॉस, वर मुकुट आणि बाजूला सिंह. वूच शहराच्या चिन्हात होडी आहे, कारण त्या नावाचा अर्थच होडी. लुब्लिनच्या चिन्हात बोकड द्राक्षवेलीवर चढतोय. वॉर्साइतका वेश बदललेलं चिन्ह मात्र यात दुसरं नाही.

एकच दिवस हाताशी असेल तर काय काय पाहावं?

जुन्या शहराच्या चौकापासून सुरू करा. हेगेलची प्रतिकृती मधोमध आहे आणि वॉर्सा संग्रहालय त्याच चौकात आहे. तिथे एक पूर्ण दालन फक्त मत्स्यकन्यांचं आहे: पदकांवरच्या, दरवाजांवरच्या, लोखंडाच्या, मातीच्या. तिथून चालत कारोवा रस्त्यावर या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वळणदार पुलाच्या कठड्यावर दगडी शिल्पं आहेत, त्यांतही ती सापडेल. मग उतरत नदीकाठी, नित्शोवांच्या पुतळ्यापाशी. मेट्रोने यायचं असेल तर कोपर्निकस विज्ञान केंद्राचं स्थानक सर्वांत जवळचं आहे. संध्याकाळी इथे तरुणांची गर्दी असते, तेव्हा फोटो हवा असेल तर सकाळी आधी इथे या आणि चौकाला नंतर जा.